सरव्याची मोहरी

तनुजाने वाळलेल्या मोहरीची अख्खी फांदी स्टीलच्या ताटावर उलटी धरली आणि धुणं झटकावं तशी झटकली. ताट वाजलं नाही. मांडवात बसलेले शेतकरी पुढे सरकले. तिने फांदी ताटाच्या काठावर आपटली, मग समोरच्या एका दणकट गड्याला बोलावून त्याच्याच हातात दिली. त्याने हौसेने आपटली. काड्या मोडल्या, शेंगा वाकल्या, पण ताट कोरडं ते कोरडंच. मग तिने नेहमीच्या वाणाची फांदी उचलली. ती नुसती ताटावर नेली तर ताशा वाजावा तसे दाणे पडले. यापुढे भाषणाची काही गरज नव्हती. तरी संशोधन केंद्राच्या संचालकांनी ते केलं, कारण माईक समोर असताना गप्प बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे.

नव्या वाणाचं नाव 'अखंड' आणि ते घडवणारी डॉ. तनुजा वलथरे. भाताच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, भात निघाल्यावर मोहरी पेरायची पद्धत त्या भागात आता घट्ट रुजली होती. देशाला बाहेरून तेल आणणं झेपेनासं झाल्यापासून मोहरीला फार मान आला होता. पांढरटोल्याच्या त्या मांडवात शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या मोहरी उत्पादक कंपनीचे अध्यक्ष गणराज कटरे यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की पुढच्या हंगामात कंपनीच्या सगळ्या वावरांत अखंडच पेरलं जाईल.

सगळ्यात मागे, बायकांच्या रांगेत, पंचफुला मारबते बसली होती. ती तनुजाच्या आईची थोरली बहीण, तिकडच्या बोलीत मोठीमाय. तनुजाची आई लवकर गेली, बाप विटांच्या भट्ट्यांवर फिरत राहिला आणि पोर मोठीमायच्या पदराखाली वाढली. भाचीचा कार्यक्रम बघायला म्हातारी चिचझरीहून पायी आली होती. कार्यक्रम संपल्यावर तनुजा मांडवामागे जाऊन तिला भेटली. पाहुण्यांशी तिची ओळख करून द्यावी असं मनात आलंही होतं. पण पाहुणे जेवायला बसत होते, मोठीमायच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती, आणि ओळख राहून गेली.

मोठीमायने टेबलावरचं ते कोरडं ताट हातात घेतलं आणि त्याच्या तळावरून बोटं फिरवली.

"खाली काईच पडत नाई म्हनते?"

"एक दाणा नाही, मोठीमाय." तनुजाच्या चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता.

"बरं झालं बाई," मोठीमाय म्हणाली आणि ताट होतं तिथे ठेवलं.

तनुजाने ते कौतुक म्हणून घेतलं.

मोहरीचं उत्पन्न कशावर ठरतं, हे सांगायला सोपं आहे. झाडाला फांद्या किती, फांदीला शेंगा किती, शेंगेत दाणे किती आणि दाणा भरलेला किती. पन्नास वर्षं जगभरच्या शास्त्रज्ञांनी या चार गोष्टी ताणून बघितल्या. पण झाडाचं पांघरूण आखूड असतं. शेंगा वाढवल्या की दाणे कमी होतात, दाणे वाढवले की ते बारीक राहतात. झाडाकडे ऊन आणि पाणी ठरलेलं, त्यात ते किती जणांना पोसणार? तेव्हा तनुजाने ठरवलं, की झाडाकडून जास्त मागायचंच नाही. ते जे देतं त्यातलं वाया जातं तेवढं थांबवायचं.

आणि वाया बरंच जात होतं. मोहरीची शेंग म्हणजे दोन टरफलांची लांबुडकी डबी. मधे पातळ पडदा, पडद्याला दोन्ही बाजूंनी दाणे. टरफल पडद्याला जिथे चिकटतं तिथे बारीक शिवण असते. शेंग वाळू लागली की त्या शिवणीतल्या काही पेशी लाकडासारख्या कडक होतात आणि त्यांच्या शेजारच्या पेशी एकमेकींना सोडू लागतात. इकडून ताण, तिकडून ढिलाई. मग जरा उन्हाचा चटका, जरा वारा, आणि शेंग तडकते, दाणे उडतात. झाडाच्या दृष्टीने तो सोहळा असतो, कारण त्याला आपलं बी दूर टाकायचं असतं. माणसाच्या दृष्टीने ते नुकसान. अलीकडे माघातच गरम वारे सुटू लागल्यापासून तर कापणीआधीच पाचवा हिस्सा मोहरी जमिनीवर सांडत असे. तनुजाने त्या शिवणीतल्या पेशींना कडक व्हायला सांगणारं जनुक हलक्या हाताने बदललं. शिवण मऊच राहिली आणि शेंग मिटलेली. ती फोडायला आता यंत्राचे रूळ लागत.

शेंगा नेमक्या कधी तडकतात, हवेत ओल किती असताना आणि ऊन किती चढल्यावर, याबद्दल तनुजाचे अंदाज इतके अचूक असत, की सहकारी चकित होत. तिच्या यंत्रांचं ते कौतुक करत. यंत्रं चांगली होतीच. पण हे ज्ञान तिला यंत्रांनी दिलेलं नव्हतं.

लहानपणी ती मोठीमायबरोबर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून शेंगांचा आवाज ऐकत असे. दुपार चढली की सगळ्या वावरातून बारीक तडतड यायची. जितकी तडतड जास्त, तितका सरवा चांगला. सरवा म्हणजे मालकाने पीक नेल्यावर जमिनीवर जे पडून राहतं ते. ते वेचायचा हक्क ज्यांना जमीन नाही त्यांचा. शेवटची पेंढी उचलली की मालक एक मूठ मोहरी धुऱ्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "वावर मोकळं." मग सूप आणि केरसुण्या घेऊन बायका आत शिरत. मालकाने स्वतःची पडलेली मोहरी झाडून नेणं हे फार हलकं समजलं जाई. तसं कोणी केलंच, तर त्याच्या घरी मुलगी द्यायला लोक कचरत.

त्या मातीमिसळ मोहरीतून मोठीमायच्या घरचं वर्षाचं तेल निघे. तनुजाची शाळा, वसतिगृह आणि पुढचं कॉलेज, सगळं त्या सुपातून पाखडून निघालेलं होतं.

प्रयोगाच्या वाफ्यांत झाडांखाली ट्रे लावलेले असत. त्यांत पडलेले दाणे तोलताना तनुजा त्या आकड्यावर 'नुकसान' असंच लिहीत आली. दुसरा शब्द तिला माहीत होता, पण त्या वेळी तो आठवला नाही.

अखंडच्या बरोबरीने एक सोळा नंबरचं वाण तयार झालं होतं. त्यात वरच्या शेंगा मिटलेल्या राहत आणि खालच्या दोन-चार फांद्यांवरच्या मात्र तडकत. जनुकाचा बदल तिथवर नीट पोचला नव्हता. तनुजाने ते अर्धवट म्हणून शीतपेटीत ठेवून दिलं.

अखंड पेरल्यावर दोन-तीन हिवाळ्यांत सगळा पट्टा बदलला. उत्पन्न वाढलं हे खरं, आणि ते कुणी नाकारत नव्हतं. कापणी-मळणीचं विजेवर चालणारं यंत्र एका फेरीत सगळं गिळून पुढे जाई. वावरांवर टेहळणीची उडती यंत्रं फिरू लागली. लोक त्यांना पाखरू म्हणत. पाखरू वरून झाडन् झाड बघे, शेंगा मोजे आणि किती पोती होणार ते आधीच सांगे. शेंगा पडतच नसल्यामुळे त्याचा हिशोब चुकत नसे. धुऱ्यावर मूठ ठेवायची पद्धत कुणी बंद केली नाही. खाली काही उरतच नव्हतं, तेव्हा वावर मोकळं म्हणायचं तरी कुणाला, म्हणून ती आपोआप राहिली.

दर होळीच्या सुमारास मोठीमाय तनुजाला सरव्याच्या तेलाची एक बाटली पाठवत असे. चिचझरीवरून जाणारा एसटीचा ड्रायव्हर ती केंद्राच्या फाटकावर देऊन जाई. ते तेल दिसायला गढूळ असायचं आणि बाटलीच्या तळाशी बोटभर नाही, पण चिमूटभर माती हमखास बसलेली असायची. जमिनीवरून झाडलेली मोहरी कितीही पाखडली तरी थोडी माती तेलाच्या घाण्यापर्यंत जातेच. फोडणी करताना तनुजा बाटली हलवत नसे.

सगळा पट्टा अखंडखाली गेला त्या वर्षीही बाटली आली. नेहमीचीच काचेची, नेहमीसारखीच लुगड्याच्या चिंधीत बांधलेली. तनुजाने ती खिडकीत ठेवली आणि सकाळच्या उन्हात तिच्या लक्षात आलं, की तेल नितळ आहे. आरपार बाहेरचा गुलमोहर दिसत होता. तिने बाटली उलटी केली, हलवली. तळाशी काही नव्हतं. हे गिरणीचं तेल होतं. मोठीमायने ते विकत आणून जुन्या बाटलीत ओतलं होतं, पोरीला कळू नये म्हणून.

तनुजाने बाटली पुन्हा चिंधीत गुंडाळली. तिला कुणी एक शब्द विचारला नव्हता, दोष दिला नव्हता. उलट दोष दिसू नये म्हणून एका म्हातारीने धडपड केली होती, आणि तीच गोष्ट सहन होत नव्हती.

ती त्याच रविवारी चिचझरीला गेली. मोठीमायने भाकरी आणि वांग्याची भाजी केली, पाटावर बसवलं, वाढलं. तेलाचा विषय तनुजानेच काढला. मोठीमायने आधी ऐकलंच नाही असं दाखवलं, मग म्हणाली, की बाटली दरसाल जाते तशी गेली, त्यात एवढं काय. गावातल्या बाकीच्या बायकांचं कसं चाललंय, हे तनुजाने खोदून विचारलं. कुणी शहराकडे धुण्याभांड्याला जाऊ लागलं होतं, कुणी फोडणीत तेलाऐवजी पाणी घालून भाजी उकडत होतं. यंत्र वळताना कोपऱ्यातली चार-दोन झाडं सोडतं, त्यांच्या शेंगा काही जणी खुडून आणत आणि पाट्यावर ठेचून फोडत. हाताने त्या फुटत नाहीत, नख मोडतं. हे सांगताना मोठीमायने आपला अंगठा पदरात घेतला.

परत येताना तनुजाने मनाशी ठरवलं, की आता केंद्रात हा विषय काढायचा. सोळा नंबर बाहेर काढायचं. पण अखंडला देशभर मान्यता द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीचे दोन सदस्य पुढच्याच महिन्यात पाहणीला यायचे होते. एकदा ते होऊन जाऊ दे, मग निवांत बोलू, असं तिने स्वतःला सांगितलं. आपण किती सहज पुढे ढकलतो आहोत, हे तिला कळत होतं. कळूनही तिने पुढे ढकललं.

समितीचे पाहुणे आले त्याच आठवड्यात पांढरटोल्याच्या कंपनीकडून केंद्राला विचारणा आली. वावरातून मोहरी चोरीला गेल्याचं प्रकरण होतं, ताब्यात घेतलेली बाई तो सरवा आहे असं म्हणत होती, तेव्हा कुणी जाणकार पाठवावा. संचालकांना वाटलं, पाहुण्यांना अखंडची ख्याती गावात जाऊन दाखवायची ही नामी संधी. त्यांनी तनुजाला गाडीत बसवलं. बाईचं नाव तिला गाडीतच कळलं.

सगळी वाट ती एकच गोष्ट घोकत होती, की मी आहे तर काहीतरी करीन.

सुनावणी कंपनीच्या गोदामात होती. पोत्यांचा उग्र वास डोळ्यांत चढत होता. भिंतीवर पाखराने काढलेलं चित्र लावलेलं होतं: कोपऱ्यातल्या उरलेल्या झाडापाशी वाकलेली मोठीमाय, एका हातात फांदी, पदराची झोळी केलेली. समोर ती स्वतः जमिनीवर बसलेली. चिचझरीच्या चार बायका तिच्या मागे होत्या. तनुजा आत आली तेव्हा त्यांतल्या एकीने तोंड उघडलं, पण मोठीमायने मागे न बघता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ती गप्प झाली.

गणराज कटरे वाईट माणूस नव्हता. त्याने म्हातारीला पाणी दिलं होतं, तो तिला आजी म्हणत होता. तनुजाला तो चिचझरीची म्हणून ओळखत नव्हता. त्याच्याच बापाच्या वावरात तिने लहानपणी मोहरी वेचली होती, पण सरवा वेचणाऱ्या पोरींकडे मालकांच्या घरातलं कोण बघतं? त्याने मुद्दा नीट मांडला. सरव्याला आपल्या वाडवडिलांनी कधी ना म्हटलेलं नाही आणि आपणही म्हणणार नाही. पण सरवा म्हणजे जे आपोआप खाली पडलं ते. उभ्या झाडाचं घेतलं तर ती चोरी. बायकांचं म्हणणं होतं, की यंत्राने जे सोडलं तेही पडल्यातच जमा. तेव्हा आता एवढंच ठरवायचं होतं, की ते पडलेलं होतं की नाही. पाखराने कोपऱ्यातल्या शेंगा मोजलेल्या होत्या, त्या कमी भरल्या होत्या.

कटरे तनुजाकडे वळला.

"मॅडम, तुम्ही हे वाण बनवलं. अखंडची शेंग आपोआप फुटून खाली पडू शकते का?"

समितीचे दोन्ही पाहुणे तिच्याकडे बघत होते. सगळ्या अखंडचं मोठेपण या एका प्रश्नाच्या उत्तरात होतं. वादळवाऱ्यात एखादी फुटू शकते, असं तिला म्हणता आलं असतं. ते धडधडीत खोटं ठरलं नसतं, नुसतं मान्यतेचं काम लांबलं असतं. तुमचा प्रश्नच चुकीचा आहे, असंही म्हणता आलं असतं. शेंग पडत नाही कारण मी तिला पडू दिलेलं नाही, मग या बायकांच्या हक्काचं काय झालं ते मला विचारा. आणि ही माझी मोठीमाय आहे, एवढं तर कुणालाही म्हणता आलं असतं.

मोठीमाय स्वतःच्या पायांकडे बघत होती.

"नाही," तनुजा म्हणाली. "ती शेंग पडत नाही."

उत्तर खरं होतं. जेवढं विचारलं तेवढंच तिने सांगितलं होतं.

कटरेने म्हातारीला विचारलं, आजी, तुम्हाला काही म्हणायचं आहे का. मोठीमायने मान वर केली. तनुजाकडे बघितलं, पण ओळखीचं बघणं नव्हतं ते. बाजारात अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं आणि शांतपणे म्हणाली,

"म्याडम खरं सांगून रायल्या. पडलं नव्हतं. मीच तोडलं."

शिक्षा म्हणावी अशी काही झाली नाही. माफी मागायला लावली आणि तिचा चेहरा पाखराच्या ध्यानात घालून ठेवला, म्हणजे कंपनीच्या कुठल्याही वावराजवळ ती दिसली की ते शिटी मारणार. संचालक गाडीत खुशीत होते. एका पाहुण्याने तनुजाच्या स्पष्टवक्तेपणाची तारीफ केली. तिला गाडीच्या काचेतून धुऱ्याधुऱ्याने जाणाऱ्या बायका दिसल्या. सरळ वाट कंपनीच्या वावरांतून होती, म्हणून त्या लांबच्या वळणाने चालल्या होत्या. सगळ्यांच्या मागे मोठीमाय होती.

अखंडला मान्यता मिळाली. सत्कार झाला, शाल आली, नारळ आला. तनुजा चिचझरीला गेली आणि मोठीमायच्या पायांशी बसून तिने माफी मागितली. रडलीही. मोठीमायने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, की माफी कशाची, खोटं बोलू नको हे लहानपणी मीच शिकवलं होतं, तू ते ऐकलंस. चहा दिला. आणि निघताना म्हणाली, "सांभाळून जा, म्याडम."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, त्याला उत्तर देता आलं असतं.

तनुजाने सोळा नंबर शीतपेटीतून काढलं. खालच्या फांद्या तडकणाऱ्या या वाणाला मान्यता द्या, त्याने गावातल्या भूमिहीन घरांचं तेल चालेल, असं केंद्राच्या बैठकीत मांडलं. सगळ्यांनी अदबीने ऐकून घेतलं. मग संचालकांनी विचारलं, की मुद्दाम नुकसान होणारं बी शेतकरी पेरेल कशाला? तिच्याकडे उत्तर होतं, पण त्या खोलीत चालणारं नव्हतं. तिने चाचणीची परवानगी तेवढी मिळवली, चिचझरीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बांधी कसायला घेतली आणि स्वतः सोळा नंबर पेरलं. त्या बांधीवर पाखरू नव्हतं.

पीक चांगलं आलं. तडकणाऱ्या मोहरीची कापणी पहाटे करतात, दवात शेंगा मऊ असतात आणि फुटत नाहीत म्हणून. तनुजाने भर दुपार निवडली. गडी हसले, पण विळे घेऊन उतरले. खालच्या फांद्यांतून तडतड सुरू झाली आणि तनुजा धुऱ्यावर बसून ती ऐकत राहिली. किती वर्षांनी. शेवटची पेंढी उचलल्यावर तिने एक मूठ मोहरी धुऱ्यावर ठेवली आणि मोठ्याने म्हणाली, "वावर मोकळं."

गावात आधीच निरोप गेला होता. बायका सुपं घेऊन आल्या, वाकल्या, झाडू लागल्या. जुन्या सवयीने एकमेकींची थट्टाही सुरू झाली. सगळ्यात शेवटी मोठीमाय आली. तिच्या हातात सूप नव्हतं. ती धुऱ्यावरच उभी राहिली, पाऊल आत टाकलं नाही.

तनुजा तिच्याजवळ गेली. खूप पडलंय, मोठीमाय, ये ना, असं काहीतरी म्हणाली.

मोठीमायने खाली वाकून धुऱ्याकडेचे दोन दाणे उचलले, तळहातावर घेऊन बघितले आणि पुन्हा खाली टाकले.

"सरवा पडलेला असते, बाई. हा तं तू पाडला." तिचा आवाज अगदी मऊ होता. "बोलावून देल्लं का मंग ते दान होते. दान घ्यायले मी काई तिथं बसली नव्हती."

तिथं म्हणजे गोदामात. तनुजाला समजलं. बाकीच्या बायकांनीही ऐकलं. त्यांनी हात थांबवले नाहीत, कारण घरी फोडणी करायची होती. पण थट्टा बंद झाली. मोठीमाय आली तशी धुऱ्याने परत गेली आणि तनुजा मोकळ्या वावरात उभी राहिली. भरपाई करायला निघालेल्या माणसाला आपण दाता झालो आहोत हे कळतं, तेव्हा त्याने कुठे बघायचं असतं?

बायका गेल्यावर धुऱ्याच्या उतारावर, गवतात उडालेली मोहरी तशीच राहिली. तनुजाने ती वेचली नाही, वेचवली नाही. बांधी म्हाताऱ्याला परत केली. केंद्रातलं काम करत राहिली. अखंड आणखी तीन राज्यांत गेलं. कुठल्याशा सभेत तिच्या हातात पुन्हा ताट आणि फांदी दिली, तेव्हा तिने ती दुसऱ्या कुणाच्या हाती दिली आणि पोट दुखतंय असं सांगून खाली बसली.

पावसाळा गेला, भात निघालं. थंडी ओसरताना सोळा नंबरच्या उरल्यासुरल्या नोंदी पुऱ्या करायला तनुजा एकदा चिचझरीकडे गेली. म्हाताऱ्याने बांधीत या वेळी लाखोळीचं कडधान्य पेरलं होतं. पण धुऱ्यावर, गवताच्या झुबक्यांतून, मोहरीची एक वेडीवाकडी रांग उभी होती. एक झाड इथे, तीन तिथे, काही कंबरभर, काही खुजी. कुणी पेरलं नव्हतं, कुणी पाणी दिलं नव्हतं. गेल्या साली तडकलेल्या शेंगांनी आपलं काम केलं होतं. खालच्या फांद्या वाळल्या होत्या.

दुपार चढत होती. तनुजा बाभळीच्या आडोशाला थांबली, कारण धुऱ्यावर मोठीमाय बसलेली होती. मांडीवर सूप. मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धे मिटलेले, तडतड कुठल्या झुबक्यातून जास्त येते ते ऐकत असलेली. मग ती उठली, गवत बाजूला केलं आणि केरसुणीने हळूहळू झाडू लागली.

हाक तनुजाच्या ओठांवर आली होती. तिने ती गिळली. आपण आलो आहोत हे जरी मोठीमायला कळलं, तरी ही मोहरी पुन्हा दिलेली ठरेल, एवढं तिला आता समजत होतं. ती आल्या पावली वळली. शेंगा मोजायला ती पुढे गेलीच नाही. त्या नोंदी कोऱ्याच राहिल्या.

होळीच्या सुमारास एसटीच्या ड्रायव्हरने फाटकावर हॉर्न दिला. चिंधीत गुंडाळलेली लहानशी बाटली होती, औषधाची असावी तेवढीच. निरोप काय, असं तनुजाने विचारलं. निरोप नव्हता. म्हातारी नुसतं "तनूले द्या" म्हणाली होती.

तनुजाने बाटली खिडकीत ठेवली नाही. तेवढा धीर नव्हता. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच तिने चिंधी सोडली. तेल गढूळ होतं. तळाशी माती होती. तिने आयुष्यात पहिल्यांदाच बाटली मुद्दाम हलवली, कढईत थोडं तेल ओतलं, वरणाला फोडणी दिली आणि ताट घेऊन जमिनीवर बसली.

पहिल्याच घासाला दाताखाली मातीची कचकच आली. सत्काराची शाल समोरच खुंटीला होती. गोदामातलं आपलं उत्तर तिला आठवलं, आणि ते तिला उरलेलं आयुष्य आठवत राहणार होतं.

तिने घास थुंकला नाही. सावकाश चावून गिळला.